नववी शिडी

कारखान्यात त्याला सगळे मामा म्हणत. बहिणीचा मुलगा शाळेतून सुटला की थेट कारखान्यात यायचा आणि दारातूनच ‘मामा’ म्हणून हाक मारायचा. ती हाक ऐकून ऐकून आधी टेंपोवाला, मग काउंटरवरच्या मावशी आणि शेवटी त्याच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले मिस्त्रीसुद्धा त्याला मामाच म्हणायला लागले. भाचा मोठा होऊन दुसऱ्या गावी नोकरीला गेला, पण मामा हे नाव मागे राहिलं ते राहिलंच.

कारखाना शिड्यांचा होता. घडीच्या, ॲल्युमिनियमच्या, चार पायऱ्यांपासून नऊ पायऱ्यांपर्यंतच्या. मेहुणे गेल्यापासून सगळा कारभार ताईच बघत होती. माणसं मोजून अकरा. माल आणायचं काम मामाकडे, शिड्या घडवायचं मिस्त्रींकडे, विकायचं मावशींकडे, पोचवायचं टेंपोवाल्याकडे आणि या चौघांची भांडणं सोडवायचं ताईकडे.

त्या दिवशी सकाळी मामा ताईच्या टेबलापाशी बसून एक फॉर्म भरत होता. बऱ्याच शाळा चालवणाऱ्या एका संस्थेला दोनशे शिड्या हव्या होत्या. ऑर्डर द्यायच्या आधी त्यांनी चार पानी फॉर्म पाठवला होता आणि तो दुपारी बारापर्यंत परत हवा होता. पहिलाच प्रश्न होता, तुमच्या व्यवसायाचा उद्देश काय? मामाने वळणदार अक्षरात लिहिलं, ‘ग्राहकांना दर्जेदार, टिकाऊ व सुरक्षित उत्पादने माफक दरात उपलब्ध करून देणे.’

ताईने चष्मा नाकावर सरकवून ते वाचलं. “हे वाचून मला आपलाच कारखाना ओळखू येईना. साधं लिही की.”

“साधं म्हणजे काय लिहू?”

“ज्याचा हात वर पोचत नाही त्याचा पोचवायचा आणि माणूस धड खाली आणायचा. दुसरं काय करतो आपण?”

“असं कुणी फॉर्मवर लिहितं का ताई? हसतील ते.”

“हसू देत,” ती म्हणाली, पण तिने ते खोडायला लावलं नाही. दुसरा प्रश्न विभागांचा होता. खरेदी, उत्पादन, विक्री, पोच अशा चार ओळी मामाने भरल्या होत्या. पाचव्या ओळीत ‘तपासणी’ असं छापलेलं होतं आणि पुढची जागा त्याने कोरी ठेवली होती.

“हे का सोडलंस?”

“मिस्त्रीच करतात की तपासणी.”

“कधी करतात?”

मामाने पेन पुन्हा उचललं, तेवढ्यात बाहेर काउंटरवर मावशींचा आवाज चढला. दोघं उठून बाहेर गेली. काउंटरसमोर एक पडदे लावणारा उभा होता. त्याने दहा दिवसांपूर्वी नेलेली सात पायऱ्यांची शिडी आडवी टाकली होती. तिची पाचवी पायरी एका बाजूने सुटून लोंबत होती.

माणूस आरडाओरडा करणारा नव्हता. शर्टाची बाही वर करून त्याने खरचटलेलं कोपर दाखवलं. “पाचवीवर पाय ठेवला आणि ती खाली गेली. खिडकीचे गज हातात आले म्हणून इथे उभा आहे. कालच माझी बायको, दोन वर्षांच्या पोरीची आई, त्याच शिडीवर चढून पंखा पुसत होती. मी नाही म्हटलं नव्हतं तिला.”

त्याने बाही पुन्हा खाली ओढली. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मामाला बरं वाटलं असतं.

मिस्त्री आतून आले. त्यांनी शिडी उचलून कामाच्या टेबलावर ठेवली आणि सुटलेल्या पायरीतून तुटक्या रिबिटाचा तुकडा चिमट्याने ओढून काढला. प्रत्येक पायरी दोन्ही बाजूंना चार-चार रिबिटांवर बसते. ही रिबिटं पोलादाची लागतात. मिस्त्रींनी खणातून लोहचुंबक काढलं. खाली सांडलेले स्क्रू गोळा करायला ते ठेवलेलं असायचं. त्यांनी ते तुकड्याला लावलं. तुकडा चिकटला नाही. मग ते एकेका पायरीवर चुंबक टेकवत गेले. पहिलीवर टक्कन चिकटलं, दुसरीवर चिकटलं, तिसरीवरून घसरून खाली पडलं.

“ही रिबिटं पोलादाची नाहीत,” मिस्त्री म्हणाले. “कसल्या तरी मऊ धातूची आहेत. वरून चकचकीत केलीत. मामा, कुठून आली ही?”

सगळे मामाकडे बघायला लागले.

“नेहमीचीच असतील,” मामा म्हणाला.

ती कुठली होती ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तीन आठवड्यांपूर्वी नेहमीच्या व्यापाऱ्याकडचा माल चार दिवस उशिरा येणार होता. त्याच्या आदल्याच महिन्यात पाइप वेळेवर आले नाहीत म्हणून काम थांबलं होतं, आणि मिस्त्री सगळ्यांदेखत म्हणाले होते, “मामा, आम्ही तोवर पत्ते कुटतो.” ते त्याला फार लागलं होतं. पुन्हा तसं ऐकायचं नाही म्हणून तो बाजारात एका नव्या दुकानात गेला आणि रिबिटांचं एक मोठं पाकीट घेऊन आला. पाकिटावर ‘पोलाद’ असं छापलेलं होतं. त्याने तपासून पाहिलं नाही. एवढंच झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण नवं पाकीट पाहून मिस्त्री शंका काढतील, म्हणून कुणी नसताना त्याने ते जुन्या डब्यात ओतलं, वरवर हलवलं आणि रिकामं पाकीट खिशात घालून घरी नेलं.

ताईने फोन उचलला होता. “आठ वर्षं माल घेतोय त्यांच्याकडून. काय पाठवतात तरी काय हे लोक?” ती नेहमीच्या व्यापाऱ्याचा नंबर लावत होती. मामाला पलीकडची घंटा ऐकू आली. एकदा वाजली, दोनदा वाजली. तिसऱ्यांदा वाजली असती तर त्या भल्या माणसाने फोन उचलला असता.

“ताई, फोन ठेव.”

“का?”

“ठेव आधी. त्यांची नाहीत ती. मी आणली दुसरीकडून. डब्यात मीच ओतली.”

ताईने फोन ठेवला. मावशींना अवघड शांतता सहन होत नसे. त्या पुटपुटल्या, “म्हणजे त्या दुकानदाराने आपल्या मामाला मामा बनवलं.” कुणी हसलं नाही, त्यासुद्धा हसल्या नाहीत.

“डबा ओळखीचा होता,” मिस्त्री हळूच म्हणाले. “म्हणून मी बघितलं नाही.” ते मामाशी नव्हे, हातातल्या चुंबकाशी बोलल्यासारखं बोलले आणि त्यांनी पाठ फिरवली.

ताई चिडेल, निदान काहीतरी बोलेल, म्हणून मामा खांदे आवळून उभा होता. तिने फक्त विचारलं, “त्या डब्यातून किती शिड्या झाल्या?”

हिशोब मिस्त्रींनी केला. त्या आठवड्यात एकतीस शिड्या झाल्या होत्या. जुनी-नवी रिबिटं मिसळलेली, त्यामुळे कुठल्या शिडीत किती गेली याचा पत्ता नाही. बावीस गोदामात होत्या. नऊ विकल्या गेल्या होत्या. त्यातली एक समोर पडली होती.

“म्हणजे आठ बाहेर आहेत,” ताई म्हणाली. “आणि आत्ता कुणीतरी त्यांच्यावर उभं असेल.”

मग ती भराभर कामं वाटत गेली. मिस्त्रींनी सगळी माणसं लावून गोदामातली एकूणएक शिडी चुंबकाने तपासायची. मावशींनी गिऱ्हाइकांनी नाव-पत्ता लिहून दिलेली कार्डं काढायची आणि एकेकाला फोन करायचा, शिडीवर चढू नका म्हणून सांगायचं. मामाने टेंपोवाल्याबरोबर निघायचं, जाताना दुसरं चुंबक आणि चांगल्या शिड्या न्यायच्या. पडदेवाल्याला तिने नवी शिडी दिली. कोपराला लावायला मलम आणायला सांगितलं, तर तो राहू द्या म्हणाला आणि निघून गेला.

“आणि फॉर्म?” मामाने विचारलं. “बारापर्यंत द्यायचाय.”

ताईने पुन्हा फोन उचलला आणि त्याच्यासमोरच त्या संस्थेला लावला. “आमचा फॉर्म आज येणार नाही,” ती म्हणाली. “आमच्या काही शिड्यांत दोष सापडलाय. आधी त्या परत आणायच्यात. मग तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” पलीकडचं थोडा वेळ ऐकून तिने फोन ठेवला.

“काय म्हणाले?”

“कळवतो म्हणाले.”

“म्हणजे ऑर्डर गेली.”

“तू अजून इथेच आहेस?” ताई म्हणाली.

तीन शिड्या वाचनालयात होत्या. ग्रंथपालबाई ओठांवर बोट ठेवून बाजूला उभ्या राहिल्या आणि मामा पुस्तकांच्या रांगांमध्ये गुडघ्यांवर बसून एकेका रिबिटाला चुंबक लावत गेला. टक्, टक्, टक्. तिन्ही शिड्या धड निघाल्या. दिव्यांच्या दुकानातली धड निघाली. दातांच्या दवाखान्यातल्या शिडीची दोन रिबिटं चुंबकाला चिकटली नाहीत, म्हणून ती बदलली. एका फोटो स्टुडिओत माणूस शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर बसूनच त्यांच्याशी बोलायला लागला, तेव्हा मामाच्या तोंडचं पाणी पळालं. ती शिडी धड होती हे नंतर कळलं.

पडदेवाल्याची धरून आठवी एका म्हाताऱ्या आजींकडे होती. मावशींनी चार वेळा फोन करूनही त्यांनी उचलला नव्हता. मामाने घंटा दाबली, पुन्हा दाबली, मग दार बडवलं. आतून काहीतरी घसरल्याचा आवाज आला आणि त्याने डोळे मिटले. दार उघडलं. आजी हातात फडकं घेऊन उभ्या होत्या.

“किती घाई ती. खाली उतरायला वेळ लागतो मला.”

“शिडीवर होतात?”

“मग काय, माळा झाडायला हवेत तरंगू?”

त्या शिडीच्या तिसऱ्या पायरीची एका बाजूच्या चारपैकी तीन रिबिटं मऊ होती. मामाने ते सांगितलं तशा आजी खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, “आलाच आहात तर माळ्यावरची ट्रंक काढून द्या. ती काढायलाच घेतली होती मी शिडी.” नव्या शिडीवर चढून मामाने ट्रंक काढली. टेंपोवाला खाली धरून उभा होता. तीन वाजत आले होते.

बाहेर येऊन मामाने कारखान्यात फोन लावला. मावशी म्हणाल्या, “नववीचं कार्डच नाही. भरून द्या म्हटलं तर हात रंगलेत म्हणाला. नंतर भरतो म्हणाला आणि मी विसरले.”

“माणूस कसा होता?”

“उंच. ताडमाड. भुवयांवर पांढरा रंग. आणि हो, विचारत होता, ही जिन्यात उभी राहील का म्हणून. मी म्हटलं, लावणारा शहाणा असेल तर राहील.”

मग फोनवर मिस्त्री आले. सकाळपासून ते मामाशी पहिल्यांदाच बोलत होते. “त्याने नेली ती नऊ पायऱ्यांची. तसली त्या आठवड्यात एकच केली होती. मी कामाची वही बघितली. पहिल्याच दिवशी केली, डबा वरपर्यंत भरलेला होता तेव्हा.”

मामाला पुढचं सांगावं लागलं नाही. पाकीट त्याने वर ओतलं होतं. वरची रिबिटं आधी वापरली गेली असणार. त्या शिडीत बहुतेक सगळी मऊच होती.

रंगाच्या पहिल्या दोन दुकानांत कुणी ओळखलं नाही. तिसऱ्या दुकानातला माणूस म्हणाला, “भुवया रंगलेला ना? तो आमचा लंबू. परवाच चार बादल्या पांढरा घेऊन गेला. टेलिफोन ऑफिसच्या मागे पाच मजली इमारत आहे, तिचा जिना रंगवतोय.” त्याच्याकडे लंबूचा नंबर होता. मामाने लावला, उचलला गेला नाही.

इमारतीची लिफ्ट बंद होती. दोघं जिन्याने चढायला लागले. तिसऱ्या मजल्यापर्यंत भिंती सुकलेल्या होत्या, चौथ्यावर ओल्या लागल्या. वरून कुणीतरी गुणगुणत असल्याचा आवाज येत होता. पाचव्या मजल्याच्या वळणावर मामा थांबला.

शिडीचे दोन पाय सपाट जागेवर आणि दोन पायऱ्यांवर टाकलेल्या फळीवर होते. लंबू आठव्या पायरीवर उभा राहून लांब दांड्याच्या रोलरने छत रंगवत होता. कानात इयरफोन होते. दोरी बांधलेली रंगाची बादली वरच्या आकड्याला लटकत होती. त्याच्या डाव्या हाताला बुटका कठडा होता आणि कठड्यापलीकडे थेट तळमजल्यापर्यंतची पोकळी. त्याच्या पायाखालची सहावी पायरी एका बाजूने बोटभर खाली आली होती. त्या बाजूला एका रिबिटाचं डोकंच नव्हतं.

मामाने हाक मारायला तोंड उघडलं, तोच टेंपोवाल्याने त्याचं मनगट दाबलं. “दचकला तर?” तो कानाशी कुजबुजला.

मामा पावलं न वाजवता खाली शिरला. दोन्ही हातांनी त्याने शिडीचे दोन्ही उभे पाइप घट्ट धरले, छाती पायऱ्यांना टेकवली आणि आपलं सगळं वजन तिच्यावर टाकलं. टेंपोवाला कठडा आणि शिडी यांच्या मधल्या फटीत शिडीला पाठ लावून उभा राहिला. शिडी थरथरायची थांबली. तो फरक लंबूला कळला. त्याने खाली पाहिलं आणि एका कानातला इयरफोन काढला.

“कोण रे? काय चाललंय?”

“मी शिडीच्या कारखान्यातला,” मामा म्हणाला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवायचा त्याचा प्रयत्न होता. “तुमच्या खालची सहावी पायरी सुटत आलीय. आम्ही धरलीय शिडी. घाई करू नका.”

“कालपासून करकरतीये ती. मी म्हटलं नवी आहे, बसेल.”

“रोलर तिथेच भिंतीला टेकवा. आधी बादली द्या.”

लंबूने बादली आकड्यावरून काढली. ती काढताना त्याचं वजन डावीकडे गेलं आणि मामाच्या हाताखाली पाइप सुतभर सरकला. बादली दोरीने हळूहळू खाली आली. टेंपोवाल्याने ती एका हाताने घेतली.

“आता सातवीवर या. मग सहावी सोडून एकदम पाचवीवर पाय टाकायचा. पोचेल ना?”

“माझे पाय बघितलेत का?” लंबू म्हणाला. एरवी हा विनोद झाला असता, पण त्याचा आवाज कोरडा पडला होता.

तो सातवीवर आला. उजवा पाय खाली सोडून पाचवी चाचपडायला लागला. तेव्हाच डाव्या पायाखाली सातवी कचकन वाकली. लंबूचं सगळं अंग खाली आलं. मामाने हात सोडले नाहीत. त्याने डोकं बाजूला करून खांदा पुढे केला आणि त्या माणसाचा गुडघा सगळ्या वजनानिशी त्याच्या खांद्यावर येऊन आदळला. क्षणभर तिघं आणि शिडी अशी सगळी मोट कठड्याकडे झुकली. टेंपोवाल्याने पाय कठड्याला लावून पाठीने रेटा दिला. मग लंबूचा उजवा पाय पाचवीवर टेकला, ती टिकली, आणि पुढच्या चार पायऱ्या तो कसा उतरला हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

लंबू जिन्यावर बसला. दुसऱ्या कानातला इयरफोनही त्याने ओढून काढला. त्याने कठड्यावरून वाकून खाली पाहिलं आणि मग मामाकडे.

“लोकांना विकता काय तुम्ही?”

“चूक माझी आहे,” मामा म्हणाला.

“तुमची म्हणजे कंपनीची.”

“नाही. माझी. यातली रिबिटं मी आणली आणि कुणाला सांगितलं नाही.”

लंबूने मान हलवली. त्याला ते पटलं की नाही कळलं नाही. “शिडी घेऊन जा ही माझ्या डोळ्यांसमोरून,” तो म्हणाला. टेंपोत आणलेली नवी शिडी मामाने देऊ केली, तर त्याने तिला हातही लावला नाही.

ते कारखान्यात परतले तेव्हा अजून उजेड होता. गोदामातल्या बावीसपैकी आठ शिड्या बाजूला काढलेल्या होत्या आणि जुना डबा जमिनीवर उपडा केलेला होता. ताई दारातच उभी होती.

“सगळे खाली आहेत?”

“आहेत.”

ती आत जाऊन खुर्चीत बसली. चष्मा काढून तिने दोन्ही तळव्यांनी डोळे दाबले. मामाचा खांदा सुजायला लागला होता, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

“चुकीचा माल गळ्यात पडला, ते मी समजू शकते,” ती म्हणाली. “कुणाच्याही पडेल. पण डब्यात का ओतलंस?”

“मिस्त्री बोलले असते.”

“बोलले असते तर काय झालं असतं? बोलायलाच तर ठेवलंय त्यांना. तू आणायचं, त्यांनी नाक मुरडायचं, मावशींनी दोघांच्या नावाने ओरडायचं. एकमेकांना अडवतो म्हणून तर कारखाना चालतो आपला. तू त्यांनाच बाजूला काढलंस.”

“खरेदी दुसऱ्या कुणाला दे,” मामा म्हणाला.

“का? सुटका हवी का तुला? खरेदी तुझ्याकडेच राहणार. उद्यापासून माल आला की आधी दारात मिस्त्रींसमोर ठेवायचा. ते हो म्हणतील तेव्हाच आत न्यायचा. चार दिवस काम थांबलं तर थांबू दे. पत्ते मी आणून देईन.”

शाळांची ऑर्डर दुसऱ्या एका कारखान्याला गेली. तसं पत्र आलं, अगदी सभ्य भाषेतलं. ताईने ते एकदा वाचलं आणि मावशींना दिलं. मावशी दोन दिवस बडबडत होत्या. मिस्त्री मामाशी कामापुरतंच बोलत. दारापाशी त्यांनी एक टेबल मांडलं आणि येणारा प्रत्येक पुडा फोडून, मूठभर माल पसरून, एकेक नग उलटसुलट बघू लागले. मामा समोर उभा राहायचा. कधी अर्धा तास लागायचा, कधी तास. त्याचे पाय दुखायचे, पण तो बसायचा नाही.

आठवड्याने एका दुपारी लंबू आला. काउंटरशी न थांबता तो सरळ आत आला. “मला जिना पुरा करायचाय,” तो म्हणाला. “शिडी द्या. पण मी बघून घेणार.”

मिस्त्रींनी नऊ पायऱ्यांची नवी शिडी मधोमध उभी केली. लंबूने ती दोन्ही बाजूंनी पाहिली, पायऱ्यांवर मुठी आपटल्या. मग मामाकडे बोट केलं.

“आधी तुम्ही चढा.”

मामा चढला. आठवीवर गेल्यावर त्याने वर-खाली कुठेच न बघता समोरच्या भिंतीकडे नजर लावली. लंबूने दोन्ही पाइप धरले आणि शिडी हलवली. आधी हळू, मग जोरात, मग पुन्हा एकदा जोरात. कामाचे आवाज बंद पडले. बाकीची सगळी माणसं बघत होती. कुणी मध्ये पडलं नाही, ताईसुद्धा नाही. मामाने बोटं पांढरी होईपर्यंत वरचा आडवा पाइप धरून ठेवला.

“उतरा,” लंबू म्हणाला.

मामा उतरला. लंबूने घडी घातली, शिडी खांद्यावर टाकली आणि दाराकडे निघाला. शिडी लांब होती. वळताना तिचं मागचं टोक दिव्याला लागलं असतं, म्हणून मिस्त्रींनी ते धरलं आणि मामाला म्हणाले, “उभे काय राहिलात? ती बाजू धरा. टेंपोपर्यंत पोचवू त्यांना.”